जे. जे. आणि अफूच्या पेट्या

जे. जे. हे नाव माहीत नाही असा माणूस मुंबईत सापडणं कठीण. इकडे मीरा रोड-भाईंदरला कुणाचं दुखणं हाताबाहेर गेलं की शेजारीपाजारी सांगतात, जे. जे.ला घेऊन जा. सीएसएमटीकडून भायखळ्याला निघालं की डोक्यावर जे. जे. फ्लायओव्हर. आणि आपल्या होस्टेलवर तर अशी दोन-चार मंडळी कायम असतात, ज्यांना जे. जे. आर्किटेक्चरला जायचं होतं, पण मार्कांनी दगा दिला आणि ती सिव्हिलला येऊन पडली. चर्नी रोड हे स्टेशनचं नावसुद्धा याच माणसाने गुरांना फुकट चरता यावं म्हणून घेतलेल्या जमिनीवरून पडलं, असं एक मत आहे. (दुसरं मत ठाण्याच्या चेंदणीकडे बोट दाखवतं. वाद चालू आहे.)

पण हे जे. जे. म्हणजे कोण, असं विचारलं तर कुणीतरी दानशूर पारशी शेठ, यापुढे गाडी सरकत नाही. दान केलं हे खरं. पण दान करण्याएवढा पैसा त्यांच्याकडे आला कुठून? हा प्रश्न धरून मागे मागे जात राहिलं की आपण थेट चीनमध्ये पोचतो. तेही अशा काळात, जेव्हा तिथलं चिंग राजघराणं बाहेरून भरभक्कम दिसत होतं आणि आतून पोखरलं जात होतं. ते पोखरण्यात मुंबई बंदराचा हात होता, आणि त्या हातांत एक मोठा हात सर जमशेटजी जीजीभॉय यांचा होता.

घराणं नवसारीचं. जन्म १५ जुलै १७८३. घरची परिस्थिती बेताची, शिक्षण जेमतेम. सोळाव्या वर्षापर्यंत आई गेली, वडील गेले. पोरका मुलगा मुंबईत मामांकडे आला. मामा फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला. धंदा आडनावातच आहे : रिकाम्या बाटल्या विकत घ्यायच्या आणि विकायच्या. आज हसू येईल, पण त्या वेळी काचेची बाटली ही सातासमुद्रापलीकडून येणारी वस्तू होती आणि रिकामी झाली तरी तिला किंमत होती. जमशेटजींनाही बाटलीवाला हे नाव चिकटलं. पुढे १८०३ मध्ये मामांचीच मुलगी आवाबाई हिच्याशी त्यांचं लग्न झालं.

बाटल्यांत जीव रमणारा हा गडी नव्हता. १७९९ मध्ये, म्हणजे आपल्याकडे मुलं अकरावीच्या ॲडमिशनसाठी रांगेत उभी असतात त्या वयात, एका नातेवाइकाच्या पदरी हिशेबनीस म्हणून तो चीनच्या जहाजावर चढला. १८०७ पर्यंत अशा पाच फेऱ्या झाल्या. नैर्ऋत्य मान्सूनच्या वाऱ्यावर पूर्वेला जायचं, माल विकायचा, वारं उलटं फिरण्याची वाट बघत थांबायचं, मग परत. शिडांच्या जहाजांचं टाइमटेबल वाराच ठरवायचा.

चौथी फेरी गोष्टीसारखी आहे. १८०५ साल. युरोपात नेपोलियनचं युद्ध पेटलेलं आणि त्याचे चटके हिंदी महासागरापर्यंत आलेले. जमशेटजी ब्रन्सविक नावाच्या जहाजावर होते. जुलै महिन्यात श्रीलंकेजवळ फ्रेंच ॲडमिरल लिन्वाच्या ताफ्याने ते जहाज पकडलं. माल गेला, पैसा गेला. कैदी म्हणून आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला नेऊन सोडलं, तिथे किनाऱ्याला लागून जहाजही फुटलं. अंगावरच्या कपड्यांनिशी उरलेला हा माणूस एका डॅनिश जहाजावर जागा मिळवून कसाबसा कलकत्त्याला आणि तिथून मुंबईला परतला. पण या फेरीत त्याला एक गोष्ट मिळाली, जी गेलेल्या मालापेक्षा भारी ठरली. जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण स्कॉटिश सर्जन होता. दोघांची गट्टी जमली. पुढे जार्डिनने डॉक्टरकी सोडली, व्यापारात उतरला, आणि १८३२ मध्ये कँटनला जार्डिन मॅथेसन ही कंपनी काढली. चीनच्या अफू व्यापारातली ही सर्वांत बलाढ्य कंपनी. तिला मुंबईहून माल पाठवणाऱ्यांत जमशेटजी अग्रभागी होते.

आता हा धंदा चालायचा कसा, ते नीट बघू. कारण त्याची रचना समजली नाही तर पुढचं काहीच समजत नाही.

१७५७ पासून चीनने युरोपियनांच्या समुद्री व्यापारासाठी एकच बंदर उघडं ठेवलं होतं, कँटन. तिथेही शहरात प्रवेश नाही. तटाबाहेर नदीकाठी तेरा वखारी, त्यांत व्यापाराच्या हंगामापुरतं राहायचं, हंगाम संपला की मकावला चालू पडायचं. बायकांना आणायची बंदी. व्यवहार फक्त सरकारमान्य हाँग व्यापाऱ्यांमार्फत. (आपल्या होस्टेलचे नियम कडक वाटणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) पारशी व्यापारीही तिथे होते. त्यांच्या पांढऱ्या पगड्यांमुळे चिनी लोक त्यांना पांढऱ्या डोक्याचे परदेशी म्हणत.

इंग्लंडला चहाचं व्यसन लागलेलं, आणि चहा मिळायचा चीनमध्ये. बदल्यात चीनला इंग्लंडचं फारसं काही नको होतं, चांदी तेवढी हवी होती. ही चांदीची गळती थांबवायला आधी हिंदुस्थानातला कापूस उपयोगी पडला. जमशेटजींची सुरुवातही कापसावरच झाली. नंतर अफूने सगळ्यांना मागे टाकलं.

अफूवर चीनमध्ये बंदी होती, हा मुद्दा अधोरेखित करून ठेवा. पहिला बंदीहुकूम १७२९ चा, आणि जमशेटजी पहिल्यांदा तिकडे गेले त्याच सुमाराला आयातीवरची बंदी पुन्हा कडक झाली होती. मग कंपनी सरकारने काय युक्ती केली? बंगाल-बिहारची अफू स्वतः पिकवून घ्यायची, पण चीनला स्वतः न्यायची नाही. कलकत्त्याला लिलाव करायचा. घेणारा खासगी व्यापारी, जहाज त्याचं, जोखीम त्याची. तो कँटनच्या खाली लिंटिन बेटापाशी नांगरलेल्या गोदाम-जहाजांवर पेट्या उतरवायचा. रात्रीबेरात्री चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या चिनी होड्या यायच्या, रोख चांदी मोजायच्या, पेट्या घेऊन पसार. ती चांदी व्यापारी कँटनमधल्या कंपनीच्या तिजोरीत भरायचा आणि लंडन-कलकत्त्याची हुंडी घ्यायचा. कंपनी त्याच चांदीने चहा विकत घ्यायची. कागदोपत्री कंपनीचे हात स्वच्छ! एखाद्या सर्किटमध्ये दोन भाग वायरने जोडलेलेच नाहीत, पण ट्रान्सफॉर्मरमधून ऊर्जा बिनबोभाट जाते आहे, तसा प्रकार.

बंगालची अफू कंपनीच्या मुठीत होती. माळव्याची नव्हती. आणि माळवा कुणाचा? शिंदे-होळकरांचा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तरी माळव्यातली शेतं त्यांच्याच अमलाखाली राहिली. तिथला शेतकरी थंडीत खसखशीच्या बोंडाला चिरा देऊन चीक गोळा करायचा, उज्जैन-इंदूरचे सावकार तो विकत घ्यायचे. कंपनीने हा माल अडवायचा जंग जंग प्रयत्न केला. पण तो राजस्थानातून सिंधमध्ये कराचीला, तिथून समुद्रमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला, असा प्रचंड वळसा घेऊन बाहेर पडतच राहिला. शेवटी १८३० मध्ये कंपनीने हात टेकले. अडवता येत नाही तर पैसे तरी घ्या, या न्यायाने पेटीमागे १७५ रुपये घेऊन मुंबई बंदरातून जायचा परवाना दिला. त्या दिवसापासून मुंबईचं नशीब फळफळलं. आपल्याला शाळेत मुंबईच्या उदयाचं श्रेय कापसाला आणि गिरण्यांना दिलेलं शिकवतात. त्याच्या आधीचा मजला अफूचा आहे, तो कुणी दाखवत नाही.

जमशेटजींच्या पेढीचे भागीदार बघितले तर मुंबईचं खरं रूप दिसतं. मोतीचंद अमीचंद, म्हणजे भायखळ्याचं जैन मंदिर बांधणारे मोतीशा शेठ. महंमद अली रोघे, कोकणी मुसलमान. आणि जोडीला रोजेरिओ द फारिया, गोव्याकडचे ख्रिस्ती व्यापारी, ज्यांचे दमण-मकावच्या पोर्तुगीजांशी धागे. पारशी, जैन, मुसलमान, ख्रिस्ती, चौघे एकत्र. सर्वधर्मसमभावाचं याहून चांगलं उदाहरण काढायचं म्हटलं तर अवघड आहे, फक्त माल कोणता होता ते बघू नये. १८१४ मध्ये जमशेटजींनी गुड सक्सेस नावाचं स्वतःचं जहाज घेतलं, मग आणखी घेतली. चाळिशी गाठेपर्यंत ते मुंबईतल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक झाले होते.

पलीकडच्या बाजूला काय चाललं होतं? १८२० च्या सुमारास वर्षाला चार-पाच हजार पेट्या चीनमध्ये जात. १८३८-३९ पर्यंत आकडा ४० हजारांच्या आसपास गेला. एका पेटीत साधारण ६० किलो माल. शिपाई ओढतात, कारकून ओढतात, दरबारातले लोक ओढतात. आणि व्यसनाहून मोठा घाव बसला तो चांदीवर. चांदी बाहेर जाऊ लागली, तशी ती आत महाग झाली. शेतकऱ्याच्या हातात यायची तांब्याची नाणी, सारा भरायचा चांदीच्या भावाने. पूर्वी चांदीच्या एका टेलला हजाराच्या आसपास नाणी पडत, ती १८३० च्या दशकात सोळाशेपर्यंत गेली. म्हणजे अफूला कधी हातही न लावलेल्या माणसाचा सारा न वाढता दीडपट झाला. लांबच्या खेड्यातल्या त्या माणसाला मुंबई नावाचं गाव असतं हेही ठाऊक नव्हतं.

आता या गोष्टीतला दुसरा माणूस. लिन झेशू. जन्म १७८५, म्हणजे जमशेटजींपेक्षा दोन वर्षांनी लहान. फूच्यान प्रांतातल्या गरीब शिक्षकाचा मुलगा. १८११ मध्ये साम्राज्याची सर्वोच्च परीक्षा पास झाला (आपली यूपीएससी तिच्यापुढे युनिट टेस्ट वाटेल) आणि पायरी पायरीने वर चढत गेला. लाच खात नाही ही त्याची ख्याती. चीनच्या दरबारात तेव्हा दोन पक्ष होते. एक म्हणे, बंदी उठवा, कर लावा, निदान पैसा तरी येईल. दुसरा म्हणे, मुळापासून उपटा. डाओग्वांग सम्राटाने दुसऱ्याचं ऐकलं आणि १८३८ च्या अखेरीस लिनला खास अधिकार देऊन कँटनला धाडलं.

१० मार्च १८३९ ला लिन कँटनला पोचला आणि आठवड्याभरात हुकूम सुटला : असतील नसतील तेवढ्या पेट्या हवाली करा. व्यापाऱ्यांना वाटलं, नेहमीचा अधिकारी आहे, थोडं देऊन भागेल. लिनने वखारींना वेढा घातला, चिनी नोकर काढून घेतले. आत इंग्रज, अमेरिकन, पारशी सगळे अडकले. साडेतीनशेच्या आसपास माणसं, स्वतः भात शिजवायची वेळ आलेली. सहा आठवडे. ब्रिटिश अधिकारी चार्ल्स एलियटने शेवटी सगळा माल ब्रिटिश सरकारच्या नावाने ताब्यात घेऊन लिनला द्यायचं कबूल केलं. आकडा २०,२८३ पेट्या. कँटनच्या व्यापाऱ्यांनी हुश्श केलं, कारण आता भरपाईची जबाबदारी सरकारवर गेली. मुंबईत मात्र धाबी दणाणली. माल कँटनच्या कंपन्यांच्या ताब्यात असला तरी त्यातला बराचसा हिंदुस्थानातल्या व्यापाऱ्यांच्या मालकीचा होता. जमशेटजींसारख्यांचे पैसे त्यात अडकले होते.

हजार टनांहून जास्त अफू नष्ट करायची तर कशी? हा खरा इंजिनिअरिंगचा प्रश्न. जाळली तर जमिनीत मुरलेला अर्क लोक माती खरवडून परत काढत. लिनने हुमेन इथे खाडीकाठी तीन मोठे हौद खणून घेतले, सुमारे दीडशे फूट लांब, तळाला फरशी, कडेला लाकूड. खाडीचं पाणी आत घ्यायचं, मीठ टाकायचं, अफूचे गोळे फोडून भिजत घालायचे, मग वर चुनकळी. चुनकळी पाण्यात पडल्यावर काय होतं ते फर्स्ट इयर केमिस्ट्रीवाल्यांना विचारा. सगळं रटरटून उकळायला लागायचं, मजूर फळ्यांवर उभे राहून ते ढवळायचे, आणि ओहोटीला दरवाजे उघडून लगदा समुद्रात सोडून द्यायचे. मीठ, खाडी आणि भरती-ओहोटीचं गणित भाईंदरच्या मिठागरांवर काम केलेल्यांना नव्याने सांगायला नको. ३ जूनला काम सुरू झालं, तीन आठवडे चाललं. समुद्र घाण करतो म्हणून लिनने आधी समुद्रदेवतेची पूजा केली. दरवर्षी २६ जूनला एनएसएसची मुलं टी-शर्ट घालून नशाविरोधी रॅली काढतात ना, ती तारीख हुमेनच्या या घटनेवरूनच निवडली असं सांगतात.

लिन साधा माणूस नव्हता. शत्रू कोण आहे हे कळावं म्हणून त्याने परदेशी वर्तमानपत्रांची, भूगोलाच्या पुस्तकांची भाषांतरं करवून घेतली. व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहून तिच्या माणसांचा हा धंदा कुठल्या नीतीत बसतो असं विचारलं. पत्र राणीपर्यंत पोचलं नाही. अर्थात त्याच्या काही समजुती गमतीच्याही होत्या. चहा आणि रेवाचिनी बंद केली तर इंग्रजांचं पोट साफ व्हायचं नाही आणि ते शरण येतील, असं त्याला बरेच दिवस वाटत होतं.

इंग्रज शरण आले नाहीत, आरमार घेऊन आले. जार्डिन लंडनला जाऊन मंत्र्यांना नकाशे आणि सल्ले पुरवत होताच. १८४० ते १८४२ हे पहिलं अफूयुद्ध. त्यातल्या दोन जहाजांबद्दल सांगितल्याशिवाय आपल्या कॉलेजच्या अंकात पुढे जाणं बरं नव्हे. पहिलं नेमेसिस. संपूर्ण लोखंडी, वाफेवर चालणारं, सपाट तळाचं, पाच-सहा फूट पाण्यातही फिरू शकणारं, आत जलरोधक कप्पे. जानेवारी १८४१ मध्ये त्याने कँटनच्या नदीमुखाशी चिनी लढाऊ नौकांची दाणादाण उडवली. वारा नाही म्हणून थांबणारं जहाज आणि वाऱ्याची पर्वा नसलेलं जहाज यांची ती टक्कर होती. दुसरं कॉर्नवॉलिस. हे मात्र शिडाचं, सागवानी, आणि बांधलेलं कुठे? आपल्या मुंबईच्या गोदीत, वाडियांनी, १८१३ मध्ये. याच कॉर्नवॉलिसवर २९ ऑगस्ट १८४२ ला नानकिंगचा तह झाला. हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडली, दोन कोटी दहा लाख डॉलर दंड बसला, त्यातले साठ लाख बुडवलेल्या अफूचे. ज्या लाकडावर चीनची मान वाकली ते लाकूडही मुंबईत तासलेलं होतं.

त्याच १८४२ साली राणीने जमशेटजींना सर ही पदवी दिली. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी माणूस. पदवी त्यांच्या दानधर्मासाठी होती, युद्धाशी तिचा थेट संबंध नाही. पण एकाच वर्षात या दोन गोष्टी घडल्या, हे मला तरी विसरता येत नाही.

आणि तो दानधर्म खराच अफाट आहे. १८२२ मध्येच त्यांनी मुंबईच्या दिवाणी तुरुंगात कर्जापायी खितपत पडलेल्या गरिबांची देणी फेडून त्यांना सोडवलं होतं. हॉस्पिटलला लाखाच्या वर दिले. १८४३ मध्ये पायाभरणी झाली, १८४५ मध्ये हॉस्पिटल सुरू झालं आणि त्याला जोडून ग्रँट मेडिकल कॉलेज, ज्याच्या पहिल्या पदवीधरांत आपले भाऊ दाजी लाड. नाना शंकरशेटांच्या बरोबरीने त्यांनी रेल्वेसाठी खटपट केली. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली तेव्हाही हे दोघे तिच्या अग्रभागी होते. पुण्यात नदीवरच्या बंधाऱ्याला पैसे दिले. १८५७ मध्ये त्यांच्या लाख रुपयांतून आर्ट स्कूल सुरू झालं.

माहीमची खाडी तर आपण रोज लोकलमधून ओलांडतो. बांद्रा गेलं की उजव्या हाताला जो रस्ता दिसतो तो माहीम कॉजवे. पूर्वी तिथे होडीने जावं लागे, पावसाळ्यात होड्या उलटत, माणसं जात. सरकार पैसे द्यायला तयार नव्हतं. आवाबाईंनी आधी एक लाख आणि ते पुरेनात तेव्हा आणखी सत्तावन्न हजार दिले. अट एकच : कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये कॉजवे खुला झाला.

आता माझं मत सांगतो, पटलं नाही तर कँटीनला भेटा. जमशेटजींची बाजू घेणारे म्हणतात, त्या काळी सगळेच करत होते, अफूला कुणी वाईट मानत नव्हतं. हिंदुस्थानात अफू दुकानात मिळायची, इंग्लंडमध्ये औषध म्हणून बाळांना द्यायचे, हे खरं आहे. पण जमशेटजी मुंबईत गादीवर बसून व्यापार करणारे नव्हते. पाच वेळा चीनला जाऊन आलेला माणूस होता तो. तिथे बंदी आहे, माल चोरून उतरतो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यामुळे अजाणतेपणाची सवलत त्यांना देता येत नाही. उलट बाजूने, दान म्हणजे पापक्षालन, हेही मला खरं वाटत नाही. पाप वाटलं असतं तर धंदा थांबला असता. तो थांबला नाही. मला वाटतं, त्यांच्या मनात माहीमच्या खाडीत बुडणारा माणूस हा माणूस होता आणि चीनमधला ओढणारा हा बाजारभाव होता. यात राक्षसी असं काही नाही, म्हणूनच ते जास्त अस्वस्थ करतं. जे. जे.च्या ओपीडीत आज रांगेत उभ्या असलेल्या माणसाला यातलं काही सांगून उपयोग नाही, सांगूही नये. हॉस्पिटल खरं आहे. पेट्याही खऱ्या आहेत.

त्यांच्या पेढीच्या पत्रवह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत. अभ्यासकांनी त्यांवरून दाखवलंय की शेवटच्या काळात धंदा जमशेटजींच्या हातून निसटत गेला. बुडालेल्या पेट्यांची भरपाई १८४३ मध्ये मिळाली, तीही अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी. वाफेची जहाजं आली, शिडाच्या जहाजांची किंमत उतरली. हुंड्या, विमा, पतपुरवठा सगळं हळूहळू लंडनशी जोडलेल्या इंग्रज पेढ्यांकडे गेलं. ज्या यंत्राने चीनला लोळवलं त्यानेच मुंबईच्या शेठांना भागीदारावरून अडत्यावर आणून ठेवलं. सरकारने सर म्हणायचं आणि बाजारात मागे सारायचं, दोन्ही एकाच वेळी.

लिनचं काय झालं? युद्धाचं खापर त्याच्यावर फुटलं. सम्राटाने त्याला पदावरून काढून पश्चिमेच्या टोकाला, आजच्या शिनच्यांगमधल्या इलीला हद्दपार केलं. वाटेत काइफंगला पीत नदीचा बांध फुटला होता, तिथे त्याला आधी कामाला जुंपलं. या गृहस्थाने महिनोन्‌महिने राबून बांध दुरुस्त केला, आणि तरीही शिक्षा माफ झाली नाही. इलीला जाऊन त्याने तिथे कालवे खणवले. काही वर्षांनी परत बोलावलं. १८५० मध्ये दक्षिणेत बंड उठलं म्हणून त्याला तिकडे पाठवलं, पण पोचण्याआधीच वाटेत २२ नोव्हेंबरला तो वारला. ते बंड म्हणजे ताइपिंगचं. कँटनच्या परीक्षेत वारंवार नापास झालेल्या हुंग शियूच्वान नावाच्या माणसाने स्वतःला येशूचा धाकटा भाऊ म्हणवून घेतलं आणि १८५३ मध्ये नानकिंग जिंकून तिथे राजधानी केली. चौदा वर्षं हे यादवी युद्ध चाललं. दोन कोटींच्या आसपास माणसं मेली असा अंदाज आहे. बंडाची कारणं अनेक, पण महाग झालेली चांदी आणि युद्धानंतर कँटनच्या वाटेवरच्या हमालांचा, नावाड्यांचा गेलेला रोजगार ही त्यांतली दोन. तेवढ्यात १८५६ मध्ये दुसरं अफूयुद्ध. त्यासाठी निघालेलं इंग्रज सैन्य १८५७ चा उठाव मोडायला वाटेतूनच कलकत्त्याकडे वळवलं गेलं, तेवढी चीनला थोडी उसंत मिळाली. १८५८ मध्ये चीनला अफू कायदेशीर करावी लागली.

जमशेटजी १८५७ मध्ये बॅरोनेट झाले, म्हणजे वंशपरंपरागत सर. १४ एप्रिल १८५९ ला, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, मुंबईत त्यांचं निधन झालं. टाउन हॉलमध्ये, आजच्या एशियाटिकच्या इमारतीत, त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. पदवीबरोबर नावही टिकावं म्हणून १८६० मध्ये कायदा झाला की या घराण्यात जो कुणी बॅरोनेट होईल त्याने स्वतःचं नाव सोडून जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घ्यायचं. पहिली पाळी थोरल्या मुलाची, कर्सेटजींची आली. चाळिशी ओलांडल्यावर त्यांना वडिलांच्या नावाने सही करायला शिकावं लागलं.